निथळलेली नासपती

ज्या वर्षी आमच्या योगिनीचं, म्हणजे माझ्या मुलाच्या मुलीचं, लग्न ठरलं, त्या वर्षीच्या फाल्गुनातली ही गोष्ट. मी ओट्याशी उभा राहून नासपतीचा डबा उघडत होतो आणि मथुरा दाराशी पाट टाकून बसली होती. डब्याच्या कडेवरून कटर फिरू लागला की ती माझ्या हाताकडे बघत राही. रोज बघायची आणि रोज काहीतरी बोलायची.

"वाकडं धरताव तुमी," ती म्हणाली.

"उघडतोय ना?"

"उघडतोय. पन कड कशी फाटली बगा. येवढी चांगली शिवण मारली व्हती कोणीतरी."

मथुरेला डब्याच्या कडेबद्दल बोलायचा अधिकार होता. पावसच्या रस्त्याला आंब्याच्या कॅनिंगचा एक कारखाना आहे, तिथं तिनं अर्धं आयुष्य काढलं. आधी आंबे कापायला होती, मग झाकणं बसवायच्या मशीनवर गेली. डबा कुठलाही असो, हातात आला की ती आधी कडेवरून अंगठा फिरवणार, मग मधल्या बोटानं झाकणावर टिचकी मारून आवाज ऐकणार. औषधाची बाटलीसुद्धा ती अशी टिचकी मारून बघायची.

मी जहाजावर स्वयंपाकी होतो. मालवाहू जहाजांवर ताजी भाजी आठ-दहा दिवसांत संपते, मग डबेच. नासपती, पीच, अननस, सगळं डब्यात. अक्षरं मी चाळिशी उलटल्यावर शिकलो ती त्या डब्यांवरूनच. आत काय आहे ते चित्रावरून कळायचं आणि खाली लिहिलेलं त्या चित्राशी जुळवून वाचायचं. गावात लोक म्हणायचे, हरिश्चंद्राची बायको डबे बंद करते आणि हा तिकडे जाऊन उघडतो. तिचे डबे आंब्याचे, माझे विलायती फळांचे. ते एकमेकांना कधी भेटले नाहीत.

डबा उघडला की फोडी चाळणीत ओतायच्या. पाक खालच्या पातेल्यात गळू द्यायचा. मग फोडींवरून साधं पाणी सोडायचं, पुन्हा निथळू द्यायचं आणि त्यातल्या थोड्या वाटीत घ्यायच्या. जहाजावर याच पाकासाठी इंजिनखोलीतली पोरं पेले घेऊन उभी राहत. घरी मी तो परसदारी जास्वंदीच्या मुळाशी ओतत होतो. तिथं मुंग्यांनी वाट पाडली होती. मथुरा त्या वाटेकडे बघून म्हणायची, "माज्या वाटचं ह्या खातायत."

त्या दिवशी वाटी तिच्या हातात दिली आणि तुळसा आली. हातात दोन शहाळी.

तुळसा आमच्या पलीकडच्या वाडीतली, नवरा लवकर गेलेला. मथुरेबरोबर कारखान्यात कामाला होती. दोघी सकाळी एकत्र जात, संध्याकाळी एकत्र येत, आणि रस्ताभर भांडत.

"ही घे गो. पानी काढून देत्ये," ती म्हणाली.

"आन तिकडे. यमाला पाजूया," मथुरा म्हणाली.

तुळसा माझ्याकडे बघू लागली. मी मान हलवली.

"शहाळं पन नाय?"

"शहाळं आधी नाय," मी म्हटलं.

मथुरेच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. रक्तदाब वाढलेला बरीच वर्षं कोणाच्या लक्षात आला नाही, तिच्याही नाही. आता आठवड्यातून दोनदा एसटीनं रत्नागिरीला जायचं, मशीनवर रक्त धुऊन घ्यायचं आणि संध्याकाळी परत यायचं. पाणी मोजकं, मीठ मोजकं. आणि रक्तातलं पोटॅशियम वाढता कामा नये. ते वाढलं तर हृदय कधीही थांबतं, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. आंबा, केळं, फणस, शहाळं. आमच्या परड्यात जे जे पिकतं ते सगळं बंद. आजाऱ्याला भेटायला येताना माणूस जे हातात घेऊन येतो, तेच नेमकं तिला विष झालं होतं. येणाऱ्याच्या हातातली पिशवी दारातच परत करायची, हे काम माझ्याकडे. लोक वाईट वाटून घ्यायचे.

"सांभाळलंत तर मे महिन्यात नातीच्या लग्नात आजी उभ्या असतील," डॉक्टर म्हणाले होते. मी तेवढंच धरून ठेवलं होतं. मे महिना.

तुळसानं शहाळी परत पिशवीत घातली आणि वाटीत डोकावली.

"हे काय?"

"नासपती," मी म्हटलं.

"डब्यातली?"

"डब्यातली चालते तिला."

तुळसानं एक फोड उचलून तोंडात टाकली. जरा वेळ चघळली.

"ह्याला कायच चव नाय."

"चव जास्वंदीला घातलीय," मथुरा म्हणाली.

डब्यांची कल्पना माझीच. हॉस्पिटलात आहाराचं सांगणाऱ्या एक बाई होत्या, वयानं लहान, पण नीट समजावून सांगायच्या. त्यांनी सफरचंद चालेल म्हणून सांगितलं. मथुरेनं त्यांना तोंड उघडून दाखवलं. दात नव्हते. उकडून दिलं तर म्हणाली, आजारी मानसाचं खानं आहे. ती आजारी माणूस आहे हे तिला कोणी सांगायचं. तेव्हा मला जहाज आठवलं. मी त्या बाईंना विचारलं, डब्यातली फळं चालतील का?

त्या हसल्या. "काका, रत्नागिरीत राहून डब्यातली फळं?"

"मऊ असतात, म्हणून."

त्यांनी विचार केला, कोणालातरी फोन करून विचारलं आणि म्हणाल्या, "नासपती, पीच, अननस चालेल. पण पाक पूर्ण काढून टाका. फळातलं बरंचसं पोटॅशियम पाकात उतरलेलं असतं. पाक प्यायचा नाही. वरून पाणी घालून धुवा. आणि एका वेळी लहान वाटी, त्याच्यावर नाही."

मथुरा मान हलवत होती. तिला सगळं समजलं होतं.

डबे आणायला मी रत्नागिरीच्या बाजारातल्या मोठ्या दुकानात जायचो. तिथला मुलगा पहिल्यांदा म्हणाला, "केक करता काय आजोबा?" मी हो म्हटलं. तेवढं सोपं होतं.

घरी आणून मी हात चालवायला लागलो. जहाजावर मी एकाच डब्यातून पाच तऱ्हा करत असे. अननसाचे बारीक तुकडे कोरडे करून शिऱ्यात घालायचे, दूध न घालता. काकडीच्या कोशिंबिरीत अननस, त्याला मीठ लागत नाही, त्याचं आंबटगोड पुरतं. घावणाच्या बाजूला पीचची फोड. नासपतीवर मिरपूड आणि लिंबाचा थेंब, ती सकाळी. भाज्या तर आधी चिरून पाण्यात बुडवून ठेवून ते पाणी ओतून द्यायचं, मग शिजवायच्या. सगळ्यातलं सत्त्व काढून उरलेलं तिला द्यायचं, असं वाटायचं मला कधी कधी. पण वजन टिकून होतं. चेहऱ्यावरची सूज उतरली. पेठेत जाताना कोणी विचारलं, "हरीभाऊ, आंब्याच्या गावात डब्यातलं फळ?" तर मी ताठ मानेनं सांगायचो, डब्यातलं चालतं तिला. ऐकणाऱ्यानं ते घरी नेऊन सांगितलं असणार. गावात मथुरेला डबा चालतो, हे सगळ्यांना माहीत झालं.

चैत्रात लग्नाचा कपडा घ्यायला आमचा नितेश, योगिनीचा बाप, रत्नागिरीहून गाडी घेऊन आला. तो तिकडे एमआयडीसीत नोकरीला आहे, तिथंच बिऱ्हाड. मलाही चला म्हणाला. मथुरेचा मशीनचा दिवस नव्हता. तुळसा सोबतीला येऊन बसली.

आम्ही दुपार उतरल्यावर परत आलो. ओटीवर दोघी बसलेल्या, पाय पसरून. मध्ये एक उघडा डबा आणि दोन चमचे. डब्यावर कागद नव्हता, बाजूला काळ्या शाईची खूण होती. कारखान्यात हंगाम संपताना कामाच्या बायकांना एखादा आमरसाचा डबा देतात, तसला. डब्याची आतली बाजू पिवळी धमक होती. तळापर्यंत चाटूनपुसून.

"बगा भावोजी," तुळसा म्हणाली. तिचा चेहरा नुसता फुलला होता. "भरल्या वाटीनं खाल्लान. दोनदा घेतलान. तुमच्या नासपतीला तोंड वाकडं करते ती."

मी डब्याकडे बघत राहिलो. नितेश मागून पिशव्या घेऊन येत होता.

"हा कुठला डबा?"

"माज्याकडे व्हता. फळीवर ठेवलेला. डबा चालतो म्हनालाव ना तुमी?"

"तुळसे, पाक काढलास?"

"रसाचा पाक कसा काडनार?" ती म्हणाली. आणि बोलता बोलताच तिला कळलं. तिनं हात तोंडावर ठेवला.

आमच्याकडे डब्यातलं फळ म्हटलं की आंबा. दुसरं फळ डब्यात असतं हे तुळसानं ऐकलं ते माझ्याकडूनच, आणि तिनं ते आपल्या परीनं लावून घेतलं. आंब्याच्या रसात गाळून टाकायला काही नसतं. जे आहे ते सगळं डब्यात असतं.

मथुरा समोर नारळीच्या आगराकडे बघत बसली होती.

मी हॉस्पिटलात फोन लावला. ताबडतोब घेऊन या म्हणाले. ती उठायला गेली तर पाय तिला उचलेनात. "माती भरल्यासारकं झालंय," म्हणाली. नितेशची गाडी नेमकी चालू होईना. शेजारच्या अस्लमनं मासळीची गाडी काढली, मागे गोधडी अंथरली. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलो. गाडीला मासळीचा वास होता. वाटेत ती एकदाच बोलली.

"वास बरा येतोय," म्हणाली.

त्या संध्याकाळी तिला मशीनला लावलं. आम्ही बाहेर बाकावर. तुळसाही आली होती, गाडीच्या मागे एका कडेला बसून. तिच्या हातात तो रिकामा डबा होता. का आणला होता कोणास ठाऊक. डॉक्टरांना दाखवायला लागेल असं तिला वाटलं असेल.

डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, वेळेवर आणलंत. थोडा उशीर झाला असता तर काही करता आलं नसतं.

नितेश तुळसाकडे वळला.

"काकी, तुमी आता आमच्याकडे येऊ नका."

"नितेश," मी म्हटलं.

"नाय आबा. आये मेली असती आज."

तुळसानं मान खाली घातली. "बरोबर हाय त्याचं," ती मला म्हणाली. मग चालत एसटी स्टँडकडे गेली. डबा बरोबर घेऊन गेली.

चार दिवसांनी मथुरा घरी आली. तुळसा आली नाही. पलीकडच्या वाडीतून बातमी आली की तिनं देवीसमोर नारळ ठेवून आंबा सोडला. म्हणजे यापुढे जन्मात आंब्याला तोंड लावणार नाही. आमच्याकडे आंबा सोडतात तो नवसाच्या वेळी, नाहीतर यात्रेला जाऊन आल्यावर. मथुरेला हे कळलं तेव्हा ती पाटावर बसली होती. तिनं वाटी खाली ठेवली आणि उरलेल्या फोडी खाल्ल्या नाहीत.

त्यानंतर ती बदलली. दिलेलं खायची, मोजून पाणी प्यायची. पण मी डबा उघडायला लागलो की माझ्या हाताकडे बघेना. दाराशी बसायची ती बाहेर तोंड करून. एकदा मी मुद्दाम कटर वाकडा धरला, कड फाडून ठेवली. तिनं नुसतं बघितलं. मला वाटलं, अंगातली शक्ती गेली. मी हॉस्पिटलातल्या आहाराच्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, रिपोर्ट चांगले आहेत.

"तुळसाला बोलवू काय?" मी एकदा मथुरेला विचारलं.

"नितेशला काय सांगाल?"

"सांगीन काहीतरी."

"नको," ती म्हणाली. "माजं मी सांगेन."

काय सांगणार ते मला कळलं नाही. मे महिना जवळ आला होता. मी दिवस पुढे ढकलत होतो, बाकी कशात लक्ष घालत नव्हतो.

लग्न आमच्याच अंगणात झालं. नवऱ्याकडची माणसं दापोलीची. मंडप घातला, नारळीच्या झावळ्यांची कमान केली. मथुरेला आदल्या दिवशी मशीनवर नेऊन आणलं होतं. हिरवी साडी नेसून ती खुर्चीत बसली होती, आणि योगिनी तिच्या पाया पडायला वाकली तेव्हा तिनं नातीच्या हातातल्या चुड्यावरून अंगठा फिरवला. सवयीनं.

"काय बघतेस आजी?" योगिनी म्हणाली.

"शिवण," मथुरा म्हणाली. "चांगली हाय."

जेवणाच्या पंगतीला टेबलं मांडली होती. मानाच्या पंगतीत नवऱ्याच्या आत्या मथुरेच्या बाजूला बसल्या, अंगानं भरल्या, बोलायला मोकळ्या. पुऱ्या आणि आमरस. मे महिना आणि रत्नागिरीचं लग्न, दुसरं काय असणार. वाढप्यानं मथुरेच्या पानातही रसाची वाटी ठेवली. मी मागून जाऊन माझा लहान डबा तिच्या पानाशी ठेवला. झाकण काढलं. नासपती, सकाळीच निथळून ठेवलेली.

आत्याबाईंनी वाकून बघितलं. "हे काय हो? रत्नागिरीच्या आजी, नि आंबा सोडून डब्यातलं खाता?"

"आयुष्यभर डबे भरलेत मी आंब्याचे," मथुरा म्हणाली. "आता डब्यानं मला भरवायचं ठरलंय."

त्या हसल्या. आसपासचेही हसले. नितेश पुऱ्यांचं ताट घेऊन वाढत वाढत तिच्यापाशी आला.

"नितेश," ती म्हणाली. "तुळसा खंय हाय?"

तुळसा आली होती. गावातलं लग्न, वाडीतल्या सगळ्या बायका आल्या होत्या. पण ती मंडपात नव्हती. मागे विहिरीपाशी आचाऱ्याच्या भांड्यांशी होती, न सांगता कामाला लागलेली. नितेशलाही ते माहीत होतं.

"आये, आज नको."

"आजच. बोलाव तिला. माज्या बाजूला बसव."

"पंगतीत जागा नाय."

"मी उठते मग."

नितेशनं ताट खाली ठेवलं. हळू आवाजात म्हणाला, "आये, तिच्यामुळं तू—"

"तिच्यामुळं नाय." मथुरा हळू बोलली नाही. पंगतीत तिच्या डाव्या-उजव्याला सगळ्यांना ऐकू गेलं. "तिनं डबा आनलान, मी खाल्लं. तिला ठाव नव्हतं. मला ठाव व्हतं."

"काय ठाव होतं?"

"सगळं. रसात पाक नसतो, काय गाळनार. त्या बाईंनी सांगितलान तेवाच कळलं मला. मी भरलेत ते डबे, त्यात काय जातं ते मला ठाव नाय होय? खाऊ नये हे ठाव असून खाल्लं. तू तिला घालवलास तेवा मी मशीनवर पडलेली. घरी आल्यावर सांगायला पायजे व्हतं. लाज वाटली."

नितेश उभाच राहिला. आत्याबाई आपल्या पानात बघू लागल्या. मी तिच्या खुर्चीमागे होतो, मला तिचा चेहरा दिसत नव्हता. फक्त डोक्यावरचा पदर आणि त्यातून बाहेर आलेला पांढरा केस.

नितेश स्वतः विहिरीकडे गेला. कोणाला पाठवलं नाही. तुळसा ओल्या हातांनीच आली, पदराला हात पुसत. पंगतीतल्या एका मुलीनं उठून जागा करून दिली. तुळसा बसली, पण कडेवर, पुन्हा उठायचं असल्यासारखी.

मथुरेनं आपल्या पानातली रसाची वाटी तिच्या पानात सरकवली.

"खा गो."

"मी सोडलाय."

"कोणासाठी सोडलास?"

तुळसा पुन्हा पदराला हात पुसू लागली.

"तुजा गुन्हाच नाय. देवीला मी उद्या जाऊन सांगत्ये. तिचा माजा हिशोब. तू खा."

"खोटं बोलतेस तू," तुळसा म्हणाली. "मला वाचवायला."

"येवढं शानपन माज्यात असतं तर ह्यांच्याशी लगीन केलं असतं मी?"

कोणीतरी हसलं. बहुतेक मीच. तुळसानं बराच वेळ वाटीकडे बघितलं. मग उजव्या हाताचं बोट रसात बुडवलं आणि तोंडात घातलं. मथुरेनं नासपतीची फोड उचलली. दोघी खाली मान घालून जेवल्या, जशा कारखान्यात दुपारच्या सुट्टीत जेवत असतील.

दुसऱ्या दिवशी योगिनी सासरी गेली. मंडप उतरवायला माणसं आली. सकाळी मी डबा उघडत होतो आणि मथुरा दाराशी, यावेळी आत तोंड करून.

"खरंच ठाव होतं तुला?" मी विचारलं.

"व्हय."

"मग का गो?"



"तो डबा माज्या हातचा व्हता. कडेवरून अंगठा फिरवला नि कळलं. माज्या शेवटच्या हंगामातला. त्या मशीनला मी कड किंचित जादा दाबायची, दुसरी कोन दाबत नाय." तिनं हात मांडीवर पालथा ठेवला. "किती भरले. पन घरी आनलेला डबा कंदी आपल्यासाठी फोडला नाय. आला-गेला, सन, नितेशचे साहेब. दरसाल कोनाला तरी दिला. वाटलं, येकदा बगूया आत काय व्हतं ते."

"मेली असतीस."

"तेवा ते ध्यानात नव्हतं. मग गाडीत आलं. योगिनीचं लगीन अडेल म्हनून. मग म्हटलं, नको. र्‍हाऊया."

"आणि मी?"

"तुमी काय. तुमी डबे उघडत बसला असताव."

मी कटर फिरवला. मला पुढं दिसेना. हात थांबला.

"कसा होता?" मी विचारलं.

"काय?"

"रस."

मथुरेनं आठवून बघितलं. "साकर जरा जास्त झाली व्हती," ती म्हणाली. मग माझ्या हाताकडे बघितलं. "वाकडं धरताव तुमी."

त्यानंतरचा पावसाळा आम्ही बरा काढला. तुळसा रोज यायची. पिशवी न घेता. सुरुवातीला रिकाम्या हाताचं काय करावं हे तिला कळत नसे, मग ती चाळणी धरू लागली. फोडी निथळेपर्यंत ती चाळणी हातात धरून उभी राहायची, खाली ठेवायची नाही. मथुरा दोघांनाही बोलायची. एकाला कटर धरता येत नाही आणि एकीला चाळणी, म्हणायची. नितेशनं तुळसाला दिवाळीला लुगडं आणलं. ती म्हणाली, रंग बरा नाय, आणि दुसऱ्या दिवशी नेसून आली.

मथुरेचं हृदय थकत चाललं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, पथ्याचा काही दोष नाही, शरीर किती चालणार. ती गेली तेव्हा सकाळ होती. मी नासपती धुऊन निथळायला ठेवली होती आणि तिला पाटावर बसवायला हाक मारली होती.

पुढच्या वर्षी अक्षय तृतीयेला मी तिच्या नावानं पान मांडलं. आमच्यात त्या दिवशी गेलेल्या माणसाला आंबा दाखवतात. तुळसानं आपल्या दारच्या झाडाचे आंबे आणले. पायरीचे, पिकून मऊ झालेले. तिनंच पिळून रस केला, गाळला नाही, रेषा तशाच ठेवल्या. वाटी काठोकाठ भरली. मथुरेच्या पानात काही काठोकाठ भरलेलं मी फार दिवसांनी बघत होतो.

पान पूर्ण झालं. भात, वरण, भाजी, आणि भाजीत या वेळी मीठ होतं. मग माझा हात फळीकडे गेला. तिथं एक नासपतीचा डबा राहिला होता. मी तो उघडला, चाळणीत ओतला, वरून पाणी सोडलं.

"आता तिला पथ्य नाय, भावोजी," तुळसा म्हणाली.

"हो."

तरी तिनं पुढं होऊन चाळणी हातात घेतली. पाणी थेंब थेंब गळून थांबेपर्यंत आम्ही दोघं ओट्याशी उभे होतो. मी थोड्या फोडी लहान वाटीत घेतल्या आणि पानाच्या डाव्या कोपऱ्यात, चटणीच्या बाजूला, ठेवल्या. पातेल्यातला पाक घेऊन परसदारी गेलो. जास्वंदीच्या मुळाशी मुंग्यांची वाट मोडून गेली होती. मी पाक ओतला आणि तिथंच थांबलो. बऱ्याच वेळानं एक मुंगी आली, मग तिच्या मागून दुसरी.

मथुरा हरिश्चंद्र भाटकर, माझी बायको, शनिवार, १८ नोव्हेंबर २०२३ रोजी सकाळी पूर्णगडला राहत्या घरी वारली.